रशियाचे तेल, वर्ध्याचा कापूस आणि बाबासाहेबांचा प्रश्न

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या साहेबांचा विषय, असे आपल्या मनावर बिंबवले गेले आहे. आपण आरक्षण, शिष्यवृत्ती, अॅट्रॉसिटी, गायरान यांवर बोलायचे. तेल कोणाकडून घ्यायचे, कोणत्या देशाशी मैत्री करायची, कोणासमोर वाकायचे हे "देशहित" जाणणाऱ्यांनी ठरवायचे. आपल्या चळवळीतली तरुण मुलेसुद्धा हा विषय निघाला की गप्प बसतात. हे मौन आपल्याला परवडणारे नाही आणि बाबासाहेबांनाही ते मान्य नव्हते. त्यासाठी आधी एका महिन्याचा हिशेब पाहू.

६ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला. भारत रशियाचे तेल घेतो म्हणून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयात शुल्क. आधीचे २५ धरून ते ५० टक्के झाले आणि २७ ऑगस्टपासून लागू झाले. तिरुपूर, सुरत, मुंबईच्या कापड निर्यातदारांनी ओरड केली. भारत सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, २८ ऑगस्टला ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

आता हे कॅलेंडर वर्धा जिल्ह्याच्या शेतात नेऊन पाहा. देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वीकडे कापूस फुटतो ऑक्टोबरात आणि बाजारात येतो नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या नेमक्या वेळी परदेशी कापसाला दार सताड उघडे. भांडण रशियाच्या तेलाचे, वटारलेले डोळे अमेरिकेचे, दिलासा गिरणीमालकाला आणि भाव पडला हिंगणघाटच्या बाजारात. त्या शुल्काचे पुढे काहीही होवो, त्या हंगामाचा कापूस विकून झाला.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत वर्धा नदीच्या खोऱ्याने हा खेळ अनेकदा पाहिला आहे. खेळाडू बदलले, नियम तोच राहिला.

मँचेस्टरची भूक

एकोणिसाव्या शतकात जगातली चढती अर्थव्यवस्था होती इंग्लंडची. तिच्याकडे वाफ होती, वाफेसाठी स्वतःचा कोळसा होता, पण गिरण्यांना लागणारा कापूस नव्हता. तो यायचा अमेरिकेतून, तिथल्या काळ्या गुलामांच्या घामातून. एकाच देशावर अवलंबून राहणे धोक्याचे, हे लँकेशायरच्या मालकांना कळत होते. म्हणून १८५७ मध्ये मँचेस्टरला कापूस पुरवठा संघटना उभी राहिली आणि तिची नजर भारतावर होती.

त्याआधीच काम सुरू झाले होते. १८५३ मध्ये निजामाकडून फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड काढून घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे रघुजी भोसले वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरची काळी जमीन वर्षभराच्या अंतराने कंपनीच्या ताब्यात आली. एकीकडे थकबाकीचे कारण, दुसरीकडे वारसाचे. पण लॉर्ड डलहौसीने १८५३ मध्येच रेल्वेवर लिहिलेल्या टिपणात इंग्लंडला भारताच्या कापसाची किती निकड आहे, हे स्वच्छ लिहून ठेवले आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस थांबला आणि इकडचा भाव गगनाला भिडला. १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा करून वर्धा जिल्हा तयार झाला. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर वसवले गेले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारात चालू लागले.

रेल्वे आली, पण इंजिनाला कोळसा लागतो. तो दुरून आणणे महाग पडत होते. म्हणून सरकारने वरोऱ्याला खाण सुरू केली आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. त्या फाट्याचे नावच "वर्धा कोळसा सरकारी रेल्वे" होते. कापूस न्यायला रेल्वे, रेल्वेला कोळसा, कोळशाला खाण, खाणीला मजूर. आपल्या जिल्ह्याचा जन्म आणि नकाशा या साखळीतून झाला. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरकडे कोळसा निघू लागला होता.

या साखळीत आपले पूर्वज कुठे होते? या भागातल्या महारांचा एक मोठा धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा होता. आपला कापूस गाठींत बांधून इंग्लंडला गेला आणि कापड होऊन परत आला, तेव्हा घरातला माग थंडावला. गावकीची कामे गळ्यात होतीच, आता मजुरीही आली. कोणी रेल्वेच्या कामावर गेले, कोणी खाणीत, कोणी १८७७ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये, पुढे हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत. भाव चढला तेव्हा मालगुजार आणि सावकाराचे वाडे उभे राहिले. अमेरिकेतले युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव कोसळला, तेव्हा कर्ज मात्र कुळाच्या अंगावर राहिले.

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्याच रेल्वेने, त्याच गिरणीने गावकीच्या जोखडातून बाहेर पडायला एक फटही दिली. नागपूरच्या गिरणी वस्त्यांतूनच आंबेडकरी चळवळीची भक्कम फळी उभी राहिली. यंत्र आपला शत्रू नव्हते. यंत्र कोणासाठी चालवायचे, हे ठरवण्यात आपला आवाज नव्हता, हा खरा प्रश्न होता. हाच प्रश्न बाबासाहेबांनी हाती घेतला.

मजूरमंत्र्यांच्या टेबलावरची वीज

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार कायद्यांसाठी आपण हा काळ आठवतो. पण वीज, पाटबंधारे आणि खाणीही त्यांच्याच खात्यात होत्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज आणि सार्वजनिक बांधकामाच्या धोरण समितीसमोर ते अध्यक्ष म्हणून बोलले. वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी, केंद्राने सांभाळावी की प्रांतांनी, हे प्रश्न त्यांनी मांडलेच. पण त्याच्याही मुळाशी जाऊन त्यांनी विचारले, भारताला वीज कशासाठी हवी? उत्तरही दिले. दिवे लावण्यापुरती नाही. औद्योगिकीकरणासाठी हवी आणि औद्योगिकीकरण हवे ते माणसाला दारिद्र्याच्या न संपणाऱ्या फेऱ्यातून बाहेर काढायला. म्हणून ती स्वस्त हवी आणि भरपूर हवी.

त्याच काळात वर्ध्यात, सेवाग्राम आणि मगनवाडीत दुसरा विचार घडत होता. चरखा, ग्रामोद्योग, यंत्राबद्दल संशय. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा समाचार घेतला. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून विचार करायला, शिकायला फुरसत द्यायची तर यंत्र हवे, हे त्यांचे म्हणणे. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याचे ओझे वाहण्यात गेल्या, त्यांना चरख्याचे कौतुक का वाटावे?

बाबासाहेब नुसते बोलले नाहीत. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली, पूर आवरणे, सिंचन आणि वीज एकत्र करणारी. पुढे १९४८ मध्ये तिचे महामंडळ झाले.

या काळातली एक कडू गोष्टही आपण लपवू नये. १९४३ मध्ये महायुद्धाला कोळसा कमी पडत होता, म्हणून सरकारने बायकांना जमिनीखालच्या खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली. खाते बाबासाहेबांकडेच होते. विधिमंडळात त्यांना या निर्णयाची बाजू आणीबाणीचा उपाय म्हणून मांडावी लागली. त्याच डिसेंबरात ते धनबादकडच्या खाणींत स्वतः उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी झाला आणि १९४६ मध्ये बायकांवरची बंदी पुन्हा लागू झाली. यातून शिकायचे ते हे की साम्राज्याला ऊर्जा कमी पडली तेव्हा तुटवड्याचा भार सगळ्यात खालच्या बाईच्या डोक्यावर आला. कळवळ्याचा माणूस खुर्चीवर असूनही आला. म्हणून माणूस चांगला असून भागत नाही, व्यवस्था आपल्या हातात हवी. १९४७ च्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते संविधानातच लिहावे, अशी मागणी केली, ती या अनुभवानंतर.

आणि परराष्ट्र धोरण? १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात हिंदू कोड बिल आणि अनुसूचित जातींच्या उपेक्षेबरोबर त्यांनी परराष्ट्र धोरणाचेही कारण दिले आहे. हिशेब मांडला. सरकारचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. हा खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचे थेट फळ आहे, कारण संकटात धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही. त्यांच्या त्या वेळच्या सगळ्या मतांशी आज सहमत व्हावेच असे नाही. पण पद्धत घ्या. परराष्ट्र धोरणाकडे त्यांनी गरिबाच्या खिशातून पाहिले. तो खर्च कोणाच्या ताटातून काढला, हे विचारले.

तेलाचे दोन धक्के

१९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपटीच्या आसपास गेला. भारताने दोन कामे केली. अरब देशांशी जवळीक घट्ट केली. १९७५ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला दिल्लीत कार्यालय मिळाले. आणि ऊर्जा आपल्या हातात घेतली. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये युद्धाआधीच पूर्ण झाले होते, १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल लागले, त्याच वर्षापासून परदेशी तेल कंपन्या एकेक करून सरकारी झाल्या.

या राष्ट्रीयीकरणाकडे आपण आपल्या डोळ्यांनी पाहायला हवे. खाण सरकारी झाली म्हणजे भरतीला आरक्षण लागले. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, कोराडी-चंद्रपूरची वीज केंद्रे, तेल कंपन्या इथे लागलेल्या नोकरीने विदर्भातल्या कितीतरी बौद्ध घरांत पहिला पक्का पगार आला. त्या पगारावर मुले शिकली, विहारे बांधली गेली, चळवळीला वर्गणी मिळाली. देशाला ऊर्जा सुरक्षा मिळाली आणि आपल्याला थोडी सामाजिक सुरक्षा. दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, याचा हा पुरावा.

दुसरा धक्का उलटा बसला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. तेल महागले, आखातातून माणसे परतली, त्यांचे येणारे पैसे आटले, परकीय चलन संपत आले. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानांना भारतात इंधन भरू दिले गेले. अलिप्ततेची भाषा बोलणारा देश, त्याच काळात नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभा होता. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण गेले. आणि मग आले नवे आर्थिक धोरण.

ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. आदल्याच वर्षी भारतरत्न जाहीर झाला होता. पुतळ्यांना हार पडत होते आणि ज्या सरकारी क्षेत्रात आरक्षण होते, तेच क्षेत्र आकसायला सुरुवात झाली होती. तेलाचा तुटवडा, त्यातून कर्ज, कर्जातून अटी, अटींतून खासगीकरण आणि खासगीकरणातून आपल्या मुलांचे बंद झालेले दार. आखातातल्या युद्धाचा आणि आपल्या बेरोजगारीचा संबंध हा असा आहे.

पुढे हेच चालू राहिले. २००५ मध्ये अमेरिकेशी अणुकराराची बोलणी सुरू असताना भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मत दिले. इराणहून येणारी वायुवाहिनी कागदावरच राहिली. २००८ मध्ये अणुकरारावर सह्या झाल्या. २०१९ मध्ये अमेरिकेने बडगा उगारताच इराणचे तेल घेणेही थांबले.

स्वस्त तेल कोणाला स्वस्त?

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि युरोपने पाठ फिरवताच रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले. आपल्या आयातीत जेमतेम दोन टक्के असलेला रशियाचा वाटा एक-तृतीयांशाच्या पुढे गेला. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून आणतो.

काही मित्र म्हणतील, स्वस्त तेल घेतले यात चूक काय? अमेरिकेने का सांगावे? बरोबर आहे. गरीब देशाने स्वस्त तेल घ्यावे आणि कोणाच्या दादागिरीला भीक घालू नये. माझा आक्षेप खरेदीवर नाही, वाटपावर आहे.

ते तेल मोठ्या प्रमाणात गेले जामनगर, वाडीनारच्या खासगी रिफायनऱ्यांत. सरकारी कंपन्यांनीही घेतले. शुद्ध केलेला माल परदेशात विकून नफा झाला. तीन सरकारी तेल कंपन्यांचाच २०२३-२४ चा नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये होता. आणि पंपावर? २०२२ च्या मध्यात करकपात झाली, त्यानंतर भाव जवळपास गोठलेले. मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे २ रुपये कमी झाले. जुलै २०२२ मध्ये लावलेला जादा नफ्यावरचा कर डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. नफा आला तेव्हा तो कंपन्यांचा होता. शिक्षा आली तेव्हा मात्र ती "देशाची" झाली आणि देश म्हणजे कापूस पिकवणारा.

त्यातही उतरंड आहेच. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल. तो मिळवायचा तर कापूस महामंडळाच्या केंद्रावर जायचे, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसवायचा, अॅपवर नोंदणी करायची आणि त्यासाठी सातबारा हवा. आपल्यातले बरेच जण ठेक्याने किंवा बटाईने शेती करतात. खत त्यांचे, फवारणी त्यांची, कर्ज त्यांचे, सातबारा दुसऱ्याचा. त्यांना खासगी व्यापारी देईल तो भाव. आणि ज्या बायका किलोमागे मजुरीवर कापूस वेचतात, त्या तर कोणत्याच यादीत नाहीत. शेतकऱ्याचा भाव पडला की पहिली घासाघीस वेचणीच्या मजुरीवर होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पुढची ऊर्जा जमिनीवर उतरते आहे

कापूस, कोळसा, तेल. आता पुढची पाळी सूर्याची. बाहेरच्या तेलावरचे अवलंबन कमी करायचे तर सौर ऊर्जा हवी, यात वाद नाही. पण सौर पॅनलला जमीन लागते. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी आणि गायराने घेतली जात आहेत, तर खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, त्याला भाडे. ज्याचा बाप-आजा गायरानावर अतिक्रमणधारक म्हणून राबला, त्याला नोटीस.

त्या गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये सत्याग्रह केला, ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याची जमीन आता "ऊर्जा सुरक्षा" या गोड नावाखाली जाणार असेल, तर आपल्याला हे प्रकरण फक्त महसूल खात्याचे मानून चालणार नाही. आखात, रशिया, अमेरिका आणि आपल्या गावचे गायरान हे एकाच हिशेबाच्या वहीत आहे.

म्हणून मागण्या नेमक्या करा. तेलाच्या जादा नफ्यावर कर लावा आणि व्यापार युद्धात ज्या पिकाचा बळी गेला, त्याला त्यातून भरपाई द्या. कापसावरचे आयात शुल्क हंगामात उठवू नका. ठेकेदार आणि बटाईदार शेतकऱ्याची नोंद करा, हमीभाव पिकवणाऱ्याला द्या. गायरानावर सौर प्रकल्प आणण्याआधी त्यावर कसणाऱ्यांचे दावे निकाली काढा आणि प्रकल्प झालाच तर त्यांना भागीदार करा. सौर आणि पवन कंपन्यांना सरकारी जमीन, सरकारी हमी मिळते, तर त्यांच्या भरतीत आरक्षण का नसावे?

गावात, विहारात, अभ्यास वर्गात हा विषय घ्या. पुढच्या वेळी कोणी टीव्हीवर "राष्ट्रहित" म्हणाला की बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विचारलेला प्रश्न विचारा. ही ऊर्जा कशासाठी आणि कोणासाठी? आणि १९५१ मध्ये मांडला तसा हिशेब मागा. याची किंमत कोणाच्या ताटातून गेली?

जय भीम!